थांबली की विसरली

आमच्या रामकृष्णाला कोणी विचारलं, की तुम्ही नाटकात काय करता, तर तो म्हणायचा, "मी गप्प बसतो." विचारणारा हसायचा. त्याला वाटायचं, गंमत करून राहिले. गंमत कसली बाप्पा, खरंच होतं ते! जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाचं दर गणपतीत एक नाटक असतं आणि त्याचा प्रॉम्प्टर वर्षानुवर्षं रामकृष्ण. विंगेत स्टूल टाकून बसायचं, मांडीवर नाटकाची प्रत, हातात टॉर्च, टॉर्चच्या काचेवर पातळ कागद, म्हणजे उजेड पानावर पडेल आणि स्टेजवर जाणार नाही. नट अडला की पुढचा शब्द पुरवायचा. बाकी वेळ गप्प.

मी त्याची थोरली बहीण. सगळं चेरीताल मला बेबीताई म्हणतं. जन्मभर हिंदी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आवाज मोठा आणि जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे, कोणी सांगायची गरज नाही. लग्न केलं नाही. वडिलांच्या घरात मागची खोली माझी, पुढच्या दोन रामकृष्णाच्या आणि त्याच्या बायकोच्या, इंदूच्या. मधली भिंत अशी पातळ की इकडून विचारलं तर तिकडून उत्तर येतं.

वडील मूळचे वर्ध्याचे. नोकरीसाठी इकडे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहून गेलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आता तर हिंदी दाराच्या आतही पाट मांडून बसली आहे. आमच्या पोट्ट्यांना मराठी सगळी समजते, बोलायला सांगितली की गाडी अडते. "आत्या, समझ में तो सब आता है!" अरे, मग बोल ना लेका! तर अशा पोट्ट्यांकडून दोन तासांचं मराठी नाटक करवून घ्यायचं म्हणजे प्रॉम्प्टरशिवाय भागतच नाही. ऐन स्टेजवर मुलगा "मी चहा पिली" म्हणणार, हे रामकृष्णाला आधीच ठाऊक असायचं, आणि पोट्ट्याचं तोंड उघडायच्या आत विंगेतून हळूच "प्यालो" पोचलेलं असायचं.

एकदा मी त्याला चिडवलं होतं, "तुझ्या कामात आहे काय? वाचता येते त्याला जमते."

तो म्हणाला, "ताई, शब्द देणं सोपं आहे. कधी नाही द्यायचा, ते कठीण. नट गप्प झाला, तर तो थांबला की विसरला, हे तेवढ्यात समजलं पाहिजे. विसरला असेल आणि मी गप्प राहिलो, तर तो मेला. थांबला असेल आणि मी शब्द फेकला, तर मी मारला त्याला."

"आणि ते तुला कसं कळते?"

"कळते," एवढंच म्हणाला.

वीज मंडळातून तो रिटायर झाला आणि मग त्याचं ते सुरू झालं. काही झालं नव्हतं. हे मी पहिलेच सांगून ठेवते, कारण सगळे पहिले तेच विचारतात. पेन्शन वेळेवर होती, मुलगा पुण्यात सुखी होता, इंदूसारखी बायको, डोक्यावर छप्पर. काहून मग? मला काय माहीत काहून! अंघोळीला पाणी काढून दिलं की ते गार होईपर्यंत बादलीकडे पाहत बसायचा. पेपर उघडायचा आणि पहिल्याच पानावर दुपार व्हायची. नातेवाईक येऊन सल्ले देऊन जायचे, की फिरायला जा, जप कर, मन रमव. मन रमव! मन म्हणजे काय लहान मूल आहे, की हातात खुळखुळा दिला आणि रमलं?

चैत्रात एका सकाळी ग्वारीघाटाचा नथ्थू नाववाला त्याला ऑटोत घालून घरी घेऊन आला. नथ्थू आम्हाला ओळखतो, दर अमावास्येला आम्ही त्याच्याच नावेतून पलीकडे जातो. रामकृष्ण छातीपर्यंत भिजलेला होता, चष्मा डोळ्यांवर, घड्याळ हातात.

नथ्थू म्हणाला, "दीदी, बाबूजी पानी में खड़े थे. आगे जा रहे थे धीरे-धीरे. तैरना आता है इनको?"

येत नाही. मी रामकृष्णाला विचारलं, "काय करत होतास रे तिथं?"

"विचार करत होतो," तो म्हणाला, "परत काहून जायचं." अगदी साध्या आवाजात, भाजी कोणती आणू विचारावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण तरुण होती, पण तिनं घाई केली नाही. उदासीची गोळी दिली आणि मला बजावलं, "माताजी, कुछ भी हो, बिना पूछे बंद नहीं करना." इंदू बाहेर पदरात तोंड घालून बसली होती. तिला एकच काळजी, कोणी ओळखीचं दिसायला नको.

गोळीनं काम केलं. उगाच नाव ठेवणार नाही मी. महिना-दीड महिन्यात तो अंघोळ करायला लागला, दोन पोळ्या खायला लागला, चौकापर्यंत जाऊन यायला लागला. नदीचं नाव काढलं नाही. पण हसूही गेलं आणि रडूही गेलं. पुण्याहून फोन आला, नात झाली. रामकृष्ण म्हणाला, "अच्छा." आमचे मामा वारले, ज्यांच्या खांद्यावर बसून तो दसरा पाहायचा. "अच्छा." इंदू आत जाऊन रडली, की यांना काहीच कसं वाटत नाही. मी तिला म्हटलं, "अगं, चालते. जिवंत माणसाचं अच्छा मला चालते." आणि खरंच चालत होतं मला.

मग दात सुरू झाले.

दुपारी जेवून तो पलंगावर पडायचा आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून आवाज यायचा, जात्यात खडा आला की येतो तसा. करकर, थांबून पुन्हा करकर. पहिल्या दिवशी मला वाटलं उंदीर आहे, मी झाडू घेऊन गेले. पाहते तर हा गाढ झोपलेला, चेहरा अगदी शांत, आणि जबडा तेवढा चालून राहिलेला. असा जोर, की कानशिलाजवळची शीर टरारून वर आलेली. जागेपणी ज्या माणसाला कशाचा राग येत नव्हता, तो झोपेत कोणावर एवढा जोर काढत होता, देव जाणे. मला भीती वाटली, सरळ सांगते.

हळूहळू त्याचा जबडा सकाळी उघडेनासा झाला. दोन बोटं जातील एवढंच तोंड उघडायचं. भुट्ट्याचा मोसम आला, घरोघरी शेगड्यांवर भुट्टे, आणि हा भातात वरण कालवून गिळायचा. एक दिवस जेवताना दाढेचा तुकडाच पडला. आधीचा रामकृष्ण असता तर वरणात खडा आहे म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. यानं तो तुकडा ताटाच्या कडेला चटणीजवळ ठेवला आणि जेवत राहिला.

आता आमचं शहाणपण ऐका. आमच्याकडे झोपेत दात खाल्ले, की पोटात जंत झाले. लहानपणापासून हेच ऐकलं, हेच केलं. इंदूनं हिंगणघाटला आईला फोन केला, तिकडून वावडिंग आलं. आणि साठी उलटलेल्या माणसाला रोज सकाळी अनशापोटी वावडिंगाचा काढा! वर गूळ! रामकृष्ण मुकाट्यानं प्यायचा. दातांच्या डॉक्टरकडेही नेलं. तो म्हणाला, दात झिजून चालले आहेत, कोई दवाई चल रही है क्या? इंदू झटकन म्हणाली, "बीपी की." लाज! दातांच्या डॉक्टरला डोक्याचं सांगायची लाज, आणि डोक्याच्या डॉक्टरला दातांचं सांगावं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. दात वेगळे, मन वेगळं, असंच धरून चालत होतो आम्ही सगळे.

तेवढ्यात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. नाटक बसवायचे भय्यासाहेब, आमच्या मंडळाचे म्हातारे दिग्दर्शक. लिहायचेही तेच, रागवायचेही तेच. यंदाच्या नाटकात गढा मोहल्ल्यातली विभावरी होती. कॉलेजातली मुलगी, मराठी अर्धीकच्ची, पण स्टेजवर उभी राहिली की नजर हलत नाही तिच्यावरून. तिसऱ्या अंकात तिला कळतं, की वडील आता परत येणार नाहीत. तिच्या हातात त्यांच्यासाठी केलेला चहाचा कप असतो. तिथं तिनं थांबायचं, बराच वेळ, आणि मग म्हणायचं, "चहा गार झाला." एवढंच. त्या थांबण्यावर सगळं नाटक उभं होतं.

तालमीत विभावरी थांबली. आणि विंगेतून रामकृष्णाचा आवाज आला, "चहा गार..."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भय्यासाहेबांनी हातातली प्रत आपटली, "रामकृष्णराव! अहो, थांबली आहे ती!"

"काका, मैं भूली नहीं थी," विभावरी रडवेली होऊन म्हणाली.

"अच्छा," रामकृष्ण म्हणाला.

मी त्याला घ्यायला गेले होते, मागच्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. पुढे दोन-तीन तालमी अशाच झाल्या. एकदा स्टुलावर बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली आणि दात वाजायला लागले. दोन पोट्ट्यांनी त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि खी-खी करत बसले. मी त्यांना असं झाडलं, की व्हिडिओही गेला आणि पोट्टे माझ्या पाया पडून गेले. पण भय्यासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "बेबीताई, यंदा रामकृष्णरावांना आराम देऊ या का?" वाईट मनानं नव्हते म्हणत. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येताना रस्त्यात रामकृष्ण थांबला. कितीतरी महिन्यांनी आपणहून बोलला.

"ताई, मला कळूनच नाही राहिलं."

"काय?"

"थांबली की विसरली. आधी पोटात काहीतरी व्हायचं आणि कळायचं. आता होतच नाही. कापूस भरल्यासारखं झालं आहे सगळं."

मी म्हटलं, "येईल रे परत." मला कुठं माहीत होतं येईल की नाही! पण दुसरं काय म्हणायचं?

श्रावण लागला आणि दुपारचा आवाज कमी व्हायला लागला. नागपंचमीच्या सुमारास तो बंदच पडला. इंदूचा आनंद काय विचारता! "पाहा ताई, मी म्हणत नव्हती? जंतच होते!" तिनं आईला फोन केला, देवापुढे नारळ फोडला, शेजारणींना वावडिंगाच्या पुड्या वाटल्या. आणि नुसते दातच नाही, माणूसही परत आला. भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरला. नातीचा फोटो पाहून म्हणाला, नाक आमच्या आईचं आहे. तालमीला गेला, विभावरी थांबली, आणि विंगेत शुकशुकाट. ती हवी तेवढी थांबली, मग म्हणाली, "चहा गार झाला." मी पाहिलं, रामकृष्णाचे डोळे भरून आले होते. भय्यासाहेबांनी त्याला मिठी मारली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? घरी येताना मी खोव्याची जलेबी घेतली आणि तिघांनी मिळून खाल्ली.

पण दुपारी मला चैन पडेना. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. एकदा उठून पाहून आले. रामकृष्ण उताणा पडला होता, डोळे सताड उघडे, पंख्याकडे पाहून राहिलेला. "झोप नाही का येत?" विचारलं तर म्हणाला, "पडलो आहे नुसता." दुसऱ्या दिवशी पाहिलं, तसाच. कपाटातले आपले चांगले शर्ट त्यानं घडी करून एका पिशवीत भरले होते. म्हणाला, "नथ्थूला देऊन देऊ, त्याला होतील." मी म्हटलं, तू काय घालशील? तर हसला. ते हसू मला आवडलं नाही.

राखी होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा सकाळीच फोन आला. "दीदी, नथ्थू बोल रहा हूँ. बाबूजी आए हैं. सीढ़ी पे बैठे हैं. माई चढ़ी हुई है आजकल. आप आ जाओ."

चेरीतालपासून ग्वारीघाट काही जवळ नाही. ऑटोत बसून मी एकेक गोष्ट जुळवत गेले, वर्गात फळ्यावर जुळवायचे तशी. दात थांबले. हसू आलं. रडू आलं. झोप गेली. हे सगळं वावडिंगानं होत नाही, बेबी. तो ऑटोवाला माझ्याकडे आरशातून पाहत होता, कारण मी मोठ्यानं बोलत होते.

नर्मदा फुगली होती. घाटाच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली, पाणी गढूळ. रामकृष्ण वरच्या कोरड्या पायरीवर बसला होता, चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. त्याच्या खाली चार पायऱ्यांवर नथ्थू नाव बांधून बसला होता आणि डब्यानं नावेतलं पाणी उपसत होता. नावेत पाणी नव्हतं. मला पाहिलं तसा तो उठून दुसरीकडे गेला.

मी रामकृष्णाशेजारी बसले. माझा श्वास लागला होता.

"गोळी कधीपासून बंद केलीस?"

तो दचकला नाही. "गुरुपौर्णिमेच्या सुमारापासून."

"काहून?"

"दात मोडून राहिले होते. आणि नाटक." तो पाण्याकडे पाहत होता. "गोळी सोडली आणि सगळं परत आलं ताई. विभावरी थांबली की पोटात व्हायला लागलं पहिल्यासारखं. सगळं कळायला लागलं."

"मग चांगलं झालं ना! मग इथं काहून येऊन बसलास?"

"सगळं कळते ना आता," तो म्हणाला. "म्हणून."

पलीकडे गुरुद्वाऱ्याच्या बाजूला कोणी बाई दिवा सोडायला उतरली होती, तिचा नवरा तिला वर ओढत होता, पाणी जास्त आहे म्हणून. मग माझा बांध फुटला. मी त्याचा दंड धरला आणि भर घाटावर ओरडले, लोक वळून पाहायला लागले तरी ओरडले.

"ऐक राम्या! तू दात खा. खुशाल खा. सगळे पडू दे, कवळी आणू. तुला हसू येऊ नको, रडू येऊ नको, तू जन्मभर मला अच्छा अच्छा म्हण. मला चालते! पण मला तू पाहिजे. मी एकटी काय करू त्या घरात? त्या भिंतीशी बोलू?" आणि मी रडायला लागले. मी! म्हातारी बाई, भर घाटावर.

तो म्हणाला, "आणि नाटक? मंडळात दुसरा कोणी नाही. भय्यासाहेब पोट्ट्याला बसवतील, आणि तो विभावरीला मारून टाकेल तिसऱ्या अंकात."

पाहा आता! माणूस कुठल्या काठावर बसला आहे आणि काळजी कशाची करतो आहे. पण मला तेवढी फट पुरली.

"तू बस ना विंगेत," मी म्हटलं. "मी तुझ्या बाजूला बसते. थांबली की विसरली, ते मी पाहीन. विसरली तर तुझं कोपर दाबीन. शब्द तू द्यायचा. कळायचं काम माझ्याकडे, सांगायचं तुझ्याकडे."

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "तुला जमेल?"

"न जमायला काय झालं? पस्तीस वर्षं फळ्यासमोर पोरं उभी केली आहेत. गप्प राहणारं पोर विचार करून राहिलं की विसरलं, हे मला चांगलं समजते."

त्यानं चपला पायात घातल्या. नथ्थू लांबून पाहत होता, त्यानं ऑटो बोलावला.

तिथूनच सरळ डॉक्टरणीकडे गेलो. मी सगळं सांगितलं, दातांसकट, काढ्यासकट. ती कपाळाला हात लावून बसली. "माताजी, दाँत का बताना था ना! इसी दवा से होता है ये, किसी-किसी को." तिनं गोळी हळूहळू पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा थोडी कमी, जोडीला दुसरी एक छोटी दिली. दातांवर बसवायची पट्टी करून घ्यायला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि या वेळी इंदूनं त्याला खरं काय ते सांगितलं. खाली मान घालून सांगितलं, पण सांगितलं. दात एकदम थांबणार नाहीत, डॉक्टरीण म्हणाली. मी विचारलं, आणि त्याला वाटायला कधी लागेल? ती म्हणाली, "देखते हैं." मला ते आवडलं. तिनं उगाच आशा दाखवली नाही.

विंगेत दोन स्टुलं लागली. पोट्टे आम्हाला दोन सेलवाला टॉर्च म्हणायला लागले. भय्यासाहेबांनी आधी भुवया चढवल्या, पण माझ्याशी वाद घालायची हिंमत त्यांच्यात कुठली! मी रामकृष्णाच्या कोपरावर बोटं ठेवून बसायची आणि स्टेजकडे पाहायची. पहिल्या दोन तालमींत माझ्याही चुका झाल्या. मग एक गोष्ट लक्षात आली. विसरलेल्या पोराची नजर विंगेकडे पळते, कितीही दाबलं तरी पळते. रामकृष्णाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "असेल. मी कधी पाहिलं नव्हतं तसं." तोवर गोळी पुन्हा अंगात भिनली होती. दुपारी भिंतीपलीकडे करकर सुरू झाली होती.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. सिहोऱ्याहूनसुद्धा मंडळी बसनं आली होती. पहिल्या दोन अंकांत मी बऱ्याचदा कोपर दाबलं आणि रामकृष्णानं दर वेळी शब्द दिला, स्वच्छ, हवेइतका हलका, पुढच्या रांगेलाही ऐकू जाणार नाही असा. मग तिसरा अंक आला. विभावरी कप घेऊन आली. तिला बातमी कळली. ती थांबली.

थांबली ती थांबलीच. तालमीत कधी इतकी थांबली नव्हती. समोरच्या विंगेतून भय्यासाहेब हातवारे करायला लागले, शब्द द्या, शब्द द्या. रामकृष्णानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसता विचारत होता. पोरीची नजर कुठं आहे, तेवढंच मी पाहत होते. ती कपात होती. विंगेकडे आली नाही. मी बोटं उचलून घेतली.

"चहा गार झाला," विभावरी म्हणाली.

हॉलमध्ये कोणी नाक ओढलं, मग दुसऱ्या कोणी, आणि मग बायकांच्या सगळ्या बाजूनं तो आवाज आला. पडदा पडेपर्यंत रामकृष्ण बोटानं ओळ धरून बसला होता. मग माझ्या कानाशी वाकला.

"थांबली होती?"

"थांबली होती."

"लोक रडले का?"

"रडले."

"तू?"

"मी पण," मी पदरानं डोळे पुसत म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि टॉर्च बंद केला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं आपला हात माझ्या हातावर ठेवला. त्या हातात काही नव्हतं, जोर नाही, ऊब नाही. फोटोसाठी ठेवावा तसा ठेवला होता. पण ठेवला, आणि पोट्टे विंगेत ओरडत येईपर्यंत काढला नाही.

आता दुपारी तो पट्टी लावून झोपतो. आवाज पूर्वीसारखा मोठा येत नाही, पण भिंत पातळ आहे, माझ्यापर्यंत पोचतो. इंदूला तो अजून सहन होत नाही, ती शेजारी जाऊन बसते. मी माझ्या खोलीत वाटाण्याच्या शेंगा सोलत बसते. करकर, करकर. मधेच तो थांबतो. मग माझ्या हातातली शेंग हातातच राहते आणि मी ऐकत बसते. नजर पाहायची सोय नसते, मधे भिंत असते. मग पुन्हा सुरू होतो, आणि मी शेंग उघडते.